गरम झाली की बंद, गार झाली की चालू: आजोबांच्या मोटरसायकलचं उलटणारं दुखणं

सकाळी पहिल्या किकला चालू. चोक बंद केला की आवाज स्वच्छ, पिकअप चांगला. वीस-पंचवीस मिनिटं काही तक्रार नाही. मग एकदम गप्प. मारा किती किक मारायच्या त्या, ढिम्म. अर्धा तास उभी ठेवली की पुन्हा पहिल्या किकला चालू, जणू काही घडलंच नाही.

ज्यांच्या घरात जुनी गाडी आहे त्यांना हे वर्णन ओळखीचं वाटेल. आजोबांची गाडी वडिलांकडे आणि तिथून माझ्याकडे आली. मी ती पूर्ण खोलून उभी केली, रंग, क्रोम, वायरिंग, सगळं नवं. आणि त्यानंतर जवळपास वर्षभर ती मला रस्त्याच्या कडेला उभं करत राहिली. आता करत नाही. कारण एक नव्हतं, दोन होती, आणि दोन्ही एकमेकांच्या आड लपत होती. म्हणून हे जरा सविस्तर लिहितो.

गाडीचा प्रकार आधी सांगतो, कारण त्यावर बरंच अवलंबून आहे. एका सिलेंडरचं टू-स्ट्रोक इंजिन, 6 व्होल्टची बॅटरी, डायनॅमो, आणि ठिणगीसाठी पॉइंट (इंजिनाबरोबर उघडझाप करणारा स्विच), कंडेन्सर, कॉइल (व्होल्टेज वाढवणारं वेटोळं). पेट्रोलला पंप नाही. टाकी वर, कार्बोरेटर खाली, येतं ते आपल्या वजनानं येतं. फोर-स्ट्रोक गाडी असली तरी खालचं बरंचसं लागू पडेल. मॅग्नेटोची, म्हणजे बॅटरीशिवाय ठिणगी पाडणारी, असेल तर बॅटरीचा भाग सोडून द्या.

घरात या दुखण्याला कुणी दुखणं म्हणतच नव्हतं. वडील म्हणायचे, "तिला दम लागतो रे, पाच मिनिटं सावलीत उभी कर." काकांचं मत वेगळं: आजोबांच्या हाताशिवाय ती कुणाची झालीच नाही. वारशात गाडी आली की तिच्याबरोबर अशा समजुतींचं गाठोडंही येतं. त्यात तथ्य असतं, पण ते लक्षणापुरतं. "दम लागतो" म्हणजे गरम झाल्यावर बंद पडते, एवढं खरं. का, ते गाठोड्यात नसतं.

मी काय काय बदललं

प्लग तीन वेळा. कार्बोरेटर दोनदा खोलून साफ. कॉइल नवी. पेट्रोलचा कॉक नवा. प्लगची वायर आणि कॅप नवी. मजा अशी की प्रत्येक वेळी गाडी बरी झाली. दोन-चार दिवस छान चालली, आणि पुन्हा तेच.

यामागचं कारण कळायला मला फार वेळ लागला, आणि या सगळ्या प्रकरणात खरं शिकण्यासारखं तेवढंच होतं: या दुखण्यात तपासणी हेच औषध होऊन बसतं. गाडी बंद पडली की तुम्ही काय करता? आधी टाकीचं झाकण उघडून पेट्रोल आहे का बघता. झाकणातून हवा आत जात नसल्यामुळे गाडी बंद पडली असेल, तर त्या क्षणी ती बरी झाली, आणि तुम्हाला पत्ताही लागला नाही. मग प्लग काढता, पुसता, नवा लावता. यात दहा-पंधरा मिनिटं गेली. तेवढ्यात इंजिन निवलं, आणि गरम असताना दगा देणारा भाग पुन्हा शहाण्यासारखा वागायला लागला. श्रेय प्लगला. घरी येऊन तुम्ही सगळ्यांना सांगता, प्लगच गेला होता.

म्हणून गॅरेजमध्ये नेऊनही उपयोग होत नाही. तिथं पोहोचेपर्यंत गाडी गार झालेली असते, मेकॅनिक किक मारतो, चालू होते, आणि तो तुमच्याकडे बघतो. एकानं अर्धा तास तिच्याकडे बघून "पिस्टन पकडतंय, बोअर करावा लागेल" असा निकाल दिला, म्हणजे पिस्टन तापून सिलेंडरमध्ये अडकतंय, सिलेंडर आतून कापून घ्यावा लागेल. त्याचं पुढे सांगतो.

वही

शेवटी एक शंभर पानी वही केली आणि ठरवलं की आता काहीही बदलायचं नाही, फक्त लिहायचं. किती मिनिटांनी बंद पडली, टाकी किती भरलेली होती, दिवा चालू होता का, चढावर की सपाटीवर. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बंद पडताना कशी पडली.

हे "कशी" फार बोलकं असतं. चावी फिरवल्यासारखी एका क्षणात गप्प झाली, तर बहुतेक वेळा ठिणगी गेली. आधी अडखळली, पिकअप पडला, आचके दिले, चोक ओढल्यावर थोडी सावरली आणि मग गेली, तर पेट्रोल कमी पडलं. आणि कुणी मागून ब्रेक दाबल्यासारखी जड होत थांबली, तर ते तिसरंच प्रकरण. तिथे ताबडतोब क्लच दाबा, पिस्टन खरोखर पकडतंय.

नऊ वेळा बंद पडल्याच्या नोंदी झाल्यावर पान समोर ठेवून बसलो आणि त्या आपोआप दोन ढिगांत पडल्या. पाच वेळा टाकी पाऊण किंवा त्याहून जास्त भरलेली होती, गाडी आठ ते पंधरा मिनिटांत बंद पडली आणि अडखळत पडली. चार वेळा टाकीचा काही संबंध दिसत नव्हता, वेळ बावीस ते सत्तावीस मिनिटं, आणि बंद पडणं एकदम, चावी फिरवल्यासारखं.

म्हणजे दुखणी दोन. वर्षभर मी एका चोराला शोधत होतो आणि दर वेळी वेगळाच पळताना दिसत होता.

पहिली दोन मिनिटं

गाडी बंद पडल्यानंतरची पहिली दोन मिनिटं म्हणजे सगळा पुरावा. त्यात काय करायचं, कोणत्या क्रमानं करायचं, हे घरीच ठरवून निघा. आणि मुद्दाम बंद पडावी म्हणूनच निघा. घराभोवतीच फेऱ्या मारा, म्हणजे ढकलत आणायचं अंतर कमी.

टाकीच्या झाकणाला हात लावायचा नाही. हे पहिलं, आणि सगळ्यात अवघड. सवयीनं हात तिकडे जातोच. मी झाकणावर चिकटपट्टी लावून ठेवली होती, निव्वळ स्वतःला आठवण म्हणून. (लावताना झाकणाची कड किंवा भोक झाकू नका, नाहीतर तपासायला निघालेला बिघाड स्वतःच तयार कराल.)

खिशात एक चालू असलेला, खात्रीचा प्लग ठेवायचा. इंजिनातला प्लग काढत बसायचं नाही, तो तापलेला असतो आणि वेळ जातो. वायरची कॅप ओढून खिशातल्या प्लगला लावायची, प्लगची धातूची बाजू सिलेंडरच्या पात्याला घट्ट टेकवायची आणि किक मारायची. प्लग हातात धरायचा नाही, नाहीतर ठिणगीची खात्री वेगळ्या मार्गानं पटते. जिथं पेट्रोल सांडलं किंवा गळत असेल तिथं हे करायचंच नाही.

ठिणगी आली म्हणजे ती पुरेशी आहे असं मात्र नाही. उघड्या हवेत ठिणगी सहज उडते. सिलेंडरमध्ये दाबलेल्या मिश्रणातून तीच ठिणगी उडायला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं. त्यामुळे बाहेर बरी दिसणारी पिवळट, बारीक ठिणगी आत गेल्यावर मान टाकते. मी एका जुन्या प्लगचा बाजूचा वाकलेला धातूचा आकडा कापून टाकला, म्हणजे ठिणगीला मधल्या टोकापासून कडेपर्यंत मोठी उडी मारावी लागते. पाच-सहा मिलिमीटरची उडी निळी, टकटक आवाज करत मारली, तर ठिणगी ठीक. एरवी नाही.

ठिणगी ठीक असेल तर कार्बोरेटरची टिकली दाबा. टिकली म्हणजे फ्लोट (कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग) खाली ढकलणारं ते छोटं बटण. दाबून धरल्यावर पेट्रोल वर येऊन ओघळलं, तर पुरवठा आहे. काहीच आलं नाही, तर आता, आणि आताच, झाकण अर्धा वळसा सैल करा आणि कान द्या. 'फुस्स' असा आवाज होऊन टिकलीतून पेट्रोल यायला लागलं की एक चोर सापडला.

इतकंच. प्लग, कॉइल, कार्बोरेटर, सगळं घरी जाऊन.

झाकण

माझा पहिला ढीग या झाकणातून निघाला. टाकीच्या झाकणात हवा जायला बारीक भोक असतं, साधारण एक मिलिमीटरचं, आणि ते सरळ आरपार नसतं. पेट्रोल उसळून बाहेर येऊ नये म्हणून आतल्या पत्र्याच्या आडून, वाकडंतिकडं जातं. मी झाकण क्रोमला दिलं होतं. आलं तेव्हा आरशासारखं. त्या आरशाखाली पॉलिशची लुकण भोकात भरून दगडासारखी झाली होती. वर मी हौसेनं नवं रबरी वायसर बसवलं, त्याला हवेची खाच नव्हती. जुन्या कॉर्कच्या वायसरला ती होती, आणि मी ते 'झिजलेलं' म्हणून फेकून दिलं होतं.

टाकी भरलेली असताना गाडी लवकर का बंद पडायची, हे गणितानं छान कळतं. कार्बोरेटरपासून टाकीतल्या पातळीपर्यंत पेट्रोलचा स्तंभ फार तर 28-30 सेंटीमीटर. एवढ्या स्तंभाचा दाब म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे 2 टक्के. पेट्रोल खाली ढकलणारी ताकद बस एवढीच. टाकीत वर बंदिस्त हवा आहे, ती पेट्रोल खाली जाईल तशी विरळ होते, आणि तिचा दाब 2 टक्के घटला की प्रवाह थांबला. टाकी काठोकाठ भरलेली आणि वर अर्धा लिटरच हवा असेल, तर हे घडायला फक्त 10 मिलिलिटर पेट्रोल पुरे. वर आठ लिटर हवा असेल तर 160 मिलिलिटर. खऱ्या गाडीत इतकं काटेकोर घडत नाही. पेट्रोलची वाफ थोडी भरपाई करते, झाकणाच्या कडेनं चोरून थोडी हवा शिरते, म्हणून ते लांबत लांबत दहा-पंधरा मिनिटांवर जातं. पण दिशा तीच. टाकी फुल केल्यावर लवकर बंद पडणारी आणि अर्ध्यावर आल्यावर सुधारणारी गाडी दिसली तर आधी झाकण बघा.

आणि थोडा वेळ उभी ठेवल्यावर चालू का होते? गार झाल्यामुळे नाही. तीच चोरटी हवा हळूहळू आत शिरून दाब सारखा करते, कार्बोरेटरची वाटी भरते. वरून बघणाऱ्याला मात्र वाटतं, निवली.

तपासायला कॉकखालची नळी काढा, खाली बाटली धरा, झाकण घट्ट लावा आणि कॉक उघडा. बाहेर, मोकळ्या हवेत, इंजिन गार असताना. मिनिटभर बघून समाधान मानू नका, चार-पाच मिनिटं वाहू द्या. धार आधी जोरात, मग बारीक, मग थेंबथेंब, असं झालं आणि झाकण उघडताच पुन्हा धार लागली, तर शंका उरत नाही. प्रमाणाचा अंदाज असा: ताशी 60 च्या वेगाला लिटरमागे 30 किलोमीटर चालणारी गाडी तासाला दोन लिटर, म्हणजे मिनिटाला 33 मिलिलिटर पेट्रोल पिते. चढावर, पूर्ण थ्रॉटलवर, याच्या दोन-तीन पट. त्यामुळे मिनिटाला दोनशे-अडीचशे मिलिलिटर धार शेवटपर्यंत टिकत असेल तर कॉक, जाळी, झाकण सगळं बरं. झाकण उघडूनही धार बारीकच राहिली, तर टाकीतला गंज नाहीतर आत लावलेल्या लायनिंगचे पापुद्रे कॉकच्या जाळीवर बसलेत.

भोक साफ करायला तांब्याच्या वायरची एक तार पुरे. ड्रिल घालू नका. मोठं भोक झालं की खड्ड्यात पेट्रोल उसळून नव्या रंगावर येतं, आणि मग एक वेगळंच दुःख.

टू-स्ट्रोकवाल्यांनी हे हसण्यावारी नेऊ नये. इंजिनाचं तेल पेट्रोलमधूनच येतं. पेट्रोल कमी पडतंय म्हणजे तेलही कमी पडतंय, तेही नेमकं मिश्रण पातळ होऊन पिस्टन जास्त तापत असताना. चोक ओढून "अजून थोडं जाऊ" असं मी दोन-तीनदा केलं. नशीब चांगलं म्हणून पिस्टन वाचलं.

कंडेन्सर

झाकण दुरुस्त झालं आणि पहिला ढीग वहीतून गायब झाला. दुसरा तसाच. पंचवीस मिनिटं, एकदम गप्प, आणि खिशातल्या प्लगवर पिवळी, मरतुकडी ठिणगी. दिवा मात्र लख्ख, म्हणजे बॅटरी शाबूत.

बॅटरी, कॉइल आणि पॉइंट ही पद्धत फार जुनी, चार्ल्स केटरिंगची, 1910 च्या आसपास मोटारींत आलेली. आधीच्या पिढीचे मेकॅनिक ती डोळे मिटून लावत. तिच्यातला सगळ्यात छोटा आणि सगळ्यात कमी समजलेला भाग म्हणजे कंडेन्सर. पॉइंट मिटलेले असताना कॉइलच्या प्रायमरीतून, म्हणजे बॅटरीकडच्या वेटोळ्यातून, करंट वाहतो. पॉइंट उघडले की तो करंट एकदम थांबायला हवा. जितका झटकन थांबेल तितकं सेकंडरीत, म्हणजे प्लगकडच्या वेटोळ्यात, व्होल्टेज जास्त. पण करंटला एकदम थांबायची सवय नसते. तो उघडणाऱ्या पॉइंटमधूनच ठिणगी काढून पुढे जायला बघतो. कंडेन्सर त्या क्षणी त्याला दुसरी वाट देतो, पॉइंट तेवढ्यात पुरेसे लांब जातात आणि करंट खरोखर तुटतो. कंडेन्सर नसेल तर ठिणगी प्लगमध्ये उडायच्या ऐवजी पॉइंटमध्येच उडते. बिघडलेल्या कंडेन्सरची ओळख हीच: किक मारताना पॉइंटमध्ये मोठी, पिवळी-निळी चमक आणि प्लगवर काही नाही. पॉइंट काळेनिळे, एका बाजूला खड्डा, दुसऱ्या बाजूला उंचवटा.

मी गाडी उभी करताना मूळचा कंडेन्सर ठेवला होता, कारण मीटरवर तो 0.23 मायक्रोफॅरड दाखवत होता. अशा गाड्यांना साधारण 0.2 ते 0.3 लागतो, म्हणजे अगदी उत्तम. इथेच फसलो. मीटर तो आकडा मोजतं ते एखाद-दुसऱ्या व्होल्टवर, आणि टेबलावर, गार असताना. गाडीत पॉइंट उघडताना त्याच कंडेन्सरवर दोनशे-तीनशे व्होल्ट येतात, आणि तो बसलेला असतो इंजिनाच्या कव्हरमध्ये, तापलेल्या धातूला खेटून. आतला कागद जुना, ओल धरलेला. गार असताना तो रोध करतो, तापला की गळायला लागतो. गार झाला की पुन्हा सज्जन.

म्हणूनच गाडी थांबवून लगेच पाच मिनिटांनी चालू करायला गेलं तर जास्त त्रास होतो. चालत्या गाडीला वारा असतो. थांबल्यावर सिलेंडरमधली उष्णता आजूबाजूला पसरते आणि काही मिनिटं कव्हरच्या आतलं तापमान उलट वाढतं. वडिलांची "पाच मिनिटं सावलीत" ही मुदत म्हणूनच कधी पुरायची नाही. अर्धा तास लागायचा.

खात्री कशी केली? दुसऱ्या कंडेन्सरला दोन वायरी आणि मगरी-चिमटे लावून डब्यात ठेवला. गाडी बंद पडल्यावर जुन्याची वायर सोडवली, नव्याचा एक चिमटा कॉइलच्या पॉइंटकडच्या टोकाला, दुसरा इंजिनच्या उघड्या धातूला. जुन्याची वायर सोडवणं महत्त्वाचं आहे. तो गळका असेल तर शेजारी दुसरा लावून उपयोग नाही, भोक पडलेल्या बादलीशेजारी चांगली बादली ठेवल्यासारखं होतं. इंजिन तसंच धगधगतं असताना किक मारली, आणि चालू. कुठलाही भाग गार होऊ दिला नव्हता, त्यामुळे या वेळी श्रेय कुणाला द्यायचं यात वाद नव्हता.

पुढे आणखी एक फजिती. हौसेनं मी जुन्या साठ्यातला, सीलबंद डब्यातला 'ओरिजिनल' कंडेन्सर शोधून बसवला. तीन आठवड्यांत तोही गेला. डबा सीलबंद असला तरी आतला कागद डब्याच्या वयाचाच असतो. जुन्या साठ्यातलं गिअर घ्या, लिव्हर घ्या, दिव्याची काच घ्या. कंडेन्सर आणि ऑइल सील घेऊ नका.

आता 0.22 मायक्रोफॅरड, 630 व्होल्टचा पॉलिप्रॉपिलीन फिल्मचा कपॅसिटर (कंडेन्सरचंच आजचं नाव) टाकीखाली, कॉइलच्या शेजारी लावलाय. एक टोक कॉइलच्या पॉइंटकडच्या स्क्रूला, दुसरं कॉइलच्या क्लॅम्पला, जिथं अर्थ (अर्थिंग, करंटची फ्रेममधून परतीची वाट) आहे. तिथं वारा लागतो आणि इंजिनाची धग पोहोचत नाही. थरथरून पाय तुटू नयेत म्हणून रबरात बसवला. कव्हरच्या आत मूळचा कंडेन्सर अजून जागेवर आहे, वायर सोडलेला, दिसायला म्हणून. गाडी जशीच्या तशी मूळ हवी असा आग्रह धरणाऱ्यांना हे खपणार नाही. पण कव्हर लावल्यावर फरक कुणाला कळतो?

पॉइंट जळलेले असतील तर बारीक पॉलिश पेपरनं घासा, नंतर कोऱ्या कागदाची पट्टी पेट्रोलमध्ये बुडवून मधून ओढा, नाहीतर पेपरची कच आत राहते. फट बहुतेक जुन्या गाड्यांत 0.4 मिलिमीटरच्या आसपास, पण तुमच्या गाडीच्या पुस्तिकेतला आकडा प्रमाण. फट बदलली की टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, बदलतं, वाढवली तर ठिणगी आधी पडते. तेव्हा फट आधी, टायमिंग मग.

रंगाखालचा अर्थ

हे तिसरं दुखणं म्हणता येणार नाही, पण दुसऱ्याला खतपाणी घालणारं होतं. फ्रेमला पावडर कोटिंग केलं की ती सगळीकडून प्लास्टिकच्या पातळ कवचात जाते. इंजिनाचे बोल्ट, कॉइलचा क्लॅम्प, बॅटरीची अर्थ वायर, सगळं त्या कवचावर बसतं. करंटला वाट मिळते ती बोल्टच्या आट्यांतून, जेवढी मिळेल तेवढी.

12 व्होल्टच्या गाडीला हे चालून जातं. 6 व्होल्टला नाही. सहातला एक व्होल्ट वाटेत गेला तर कॉइलमधला करंट सहापैकी पाच भाग उरतो, आणि कॉइलमधली ऊर्जा करंटच्या वर्गाप्रमाणे जाते, म्हणजे ठिणगीची जवळपास तीस टक्के ताकद गेली. त्यात कॉइल तापली की तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे 0.39 टक्के वाढतो. 1.6 ओहमची प्रायमरी पन्नास अंशांनी तापली की 1.9 होते. यात बिघाड काही नाही, तांब्याचा स्वभाव आहे. पण आधीच उपाशी असलेल्या कॉइलला तो सोसत नाही. जाता जाता, 12 व्होल्टची कॉइल 6 व्होल्टवर लावून कुणी दिली नाही ना, तेही बघा. प्रायमरी तीन-चार ओहम दाखवत असेल तर संशय घ्या.

मोजायचं असं: चावी चालू, पॉइंट मिटलेले. मीटरचं एक टोक बॅटरीच्या अर्थकडच्या टर्मिनलवर, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर. मग एक टोक बॅटरीच्या दुसऱ्या टर्मिनलवर आणि दुसरं कॉइलच्या चावीकडच्या टोकावर. दोन्हीकडे 0.2 व्होल्टच्या आत असावं. माझ्याकडे पहिलं 0.6 होतं. काही जुन्या गाड्यांत प्लस अर्थ असतो, म्हणून लाल-काळ्यावर विसंबू नका. मोजून झालं की चावी लगेच बंद करा. पॉइंट मिटलेले असताना चावी चालू राहिली तर कॉइल नुसती तापत बसते.

उपाय कंटाळवाणा आहे. प्रत्येक अर्थच्या जागी वॉशरएवढा रंग खरवडायचा, ग्रीस लावून बोल्ट कसायचा, आणि बॅटरीपासून थेट इंजिनापर्यंत एक जाड वायर वेगळी ओढायची. नव्या रंगावर पान्ह्याचं टोक टेकवताना जीव खाली-वर होतो, पण ते करावंच लागतं.

जे नव्हतं ते

पिस्टन पकडत असल्याचा निकाल तपासायला इंजिन खोलावं लागत नाही. सायलेन्सरचा पाइप सोडवा, पोर्टमधून टॉर्च मारा आणि किक हातानं हळूहळू फिरवा. पिस्टनच्या अंगावर उभे ओरखडे, ॲल्युमिनियम फासल्यासारखे पट्टे दिसले तर पकडलंय. माझं स्वच्छ होतं. बोअरचा खर्च या वीस मिनिटांनी वाचला.

क्रँकचे ऑइल सील वर्षानुवर्षं उभ्या गाडीत कडक होतात. डायनॅमोकडचं गेलं तर बाहेरची हवा आत ओढली जाते, थ्रॉटल सोडला तरी इंजिन उंच रेसवरच अडकून राहतं. गिअरबॉक्सकडचं गेलं तर तिथलं तेल जळून पांढरा धूर येतो आणि तेलाची पातळी उतरत जाते. यातलं काही नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

पेट्रोलची वाफ होऊन नळीत अडते, असंही बरेच जण सुचवतात. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलनं ती शक्यता थोडी वाढते, खरं आहे, पण नळी सिलेंडरला खेटून जात नसेल तर मी शेवटी तिकडे बघेन. इथेनॉलचा जास्त त्रास जुन्या रबराला आणि लायनिंगला होतो.

सध्याची स्थिती: झाकण, कंडेन्सर आणि अर्थ झाल्यापासून वहीत चौदा फेऱ्यांची नोंद आहे. सगळ्यात लांब एक तास दहा मिनिटं, भर उन्हात, टाकी फुल. वडिलांना दाखवायला मुद्दाम चावी बंद केली आणि लगेच किक मारली. चालू झाली. ते जरा वेळ आवाज ऐकत उभे राहिले, आणि म्हणाले, "असेल, पण थोडी सावलीत घे." एक दुखणं वडिलोपार्जित होतं, दुसरं माझी स्वतःची कमाई. झाकणाबद्दल मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

गरम झाल्यावर न्यूट्रल मात्र सापडत नाही. ते क्लचचं आहे, वहीचं नवं पान उघडलंय.